अमळनेर वाटेतच आहे

जळगावहून धुळ्याला जाताना अमळनेर वाटेत लागतं की नाही? फोनमधल्या नकाशाला विचारलं तर उत्तर स्वच्छ आहे. लागत नाही. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे आणि मग धुळे, असा सरळ महामार्ग आहे, अंतर 90 किलोमीटरच्या आसपास. अमळनेर बिचारं पारोळ्यापासून उत्तरेला 20 किलोमीटर आत राहिलं. आता हाच प्रश्न एखाद्या खान्देशी माणसाला विचारा. तो उत्तर देण्याआधी उलट विचारेल, ‘अमळनेरला कोण आहे?’ तिथं मावशी दिलेली असेल तर अमळनेर वाटेतच आहे, मग गाडी कुठूनही कुठेही निघालेली असो. आणि बांधाचा खटला चालू असलेला चुलतभाऊ पारोळ्याला राहत असेल, तर ऐन महामार्गावरचं पारोळंसुद्धा वाटेत नाही. तिथून जाताना काचा वर करून, पुढे बघत जायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की नकाशाला रस्ते कळतात, बेत कळत नाही. त्याच्याकडे एकच प्रश्न आहे, ‘लवकरात लवकर कसं पोचता येईल?’ आणि खान्देशात प्रवासाचा बेत आखताना हा प्रश्न यादीत पहिल्या पाचांतसुद्धा नसतो. यात त्याच्याबद्दल आकस नाही. रस्त्यावर आणून सोडलं तर तो वळण विसरत नाही, चिडत नाही, चुकलेल्या माणसाला ‘मी मघाशीच सांगत होतो’ असं म्हणत नाही. हा गुण घरातल्या कोणत्याही माणसात नाही. पण गाडीची किल्ली फिरवण्याच्या आधीचं जे काम असतं, म्हणजे कुठून, कसं, कधी आणि कोणाला घेऊन जायचं ते ठरवणं, तिथं हा हुशार गृहस्थ पार ढ ठरतो.

याची खरी परीक्षा सहलीत होत नाही. सहलीला माणूस अजिंठ्याला जातो, वाट चुकली तर फर्दापूरला चहा पितो आणि परत येतो. खरी परीक्षा लग्नपत्रिकांच्या दौऱ्यात होते. खान्देशातली सगळ्यात अवघड, सगळ्यात लांब आणि सगळ्यात जोखमीची रोड ट्रिप म्हणजे पत्रिका वाटप. समजा, दहा गावांना जायचं आहे. ही दहा गावं एकामागून एक घेण्याचे 36,28,800 क्रम होतात. यातला सर्वांत कमी अंतराचा क्रम शोधणं हे गणितातलं प्रसिद्ध कोडं आहे. फिरत्या विक्रेत्याचं कोडं म्हणतात त्याला. गावं वाढत गेली की मोठमोठे संगणक घाम पुसायला लागतात. खान्देशात हे कोडं घराच्या ओट्यावर, एका संध्याकाळी, पानाच्या डब्यावर सुटतं. कारण छत्तीस लाखांपैकी बहुतेक क्रम मुळातच बाद असतात. पहिली पत्रिका कुलदैवताला. ती धुळ्याची एकवीरा असेल, म्हसदीची धनदाई असेल, चिमठाण्याजवळची पेडकाई असेल नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याची मनुदेवी असेल. जिथं असेल तिथून सुरुवात. मग मामा. मामाच्या आधी आत्याला पत्रिका गेली तर अंतर 12 किलोमीटरने वाचतं आणि संबंध 12 वर्षांसाठी संपतात. शिवाय ज्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही त्यांची घरं एका गल्लीत असली, तरी एकाच फेरीत करायची नाहीत, कारण दुसऱ्याला कळतं की आधी तिकडे चहा झाला. आता हे सगळं नकाशाला कुठे सांगायचं? त्यात ठिकाणं टाकत गेलं तर क्रम आपणच लावायचा असतो. एकेक नाव बोटानं धरून वर-खाली ओढायचं, आणि ओढता ओढता बोट घसरलं की व्याही मामाच्या वर जाऊन बसतात. बरं, दहा ठिकाणं झाली की पेटी बंद. अकरावा नातेवाईक मावत नाही. हे ज्यानं ठरवलं त्याला भावकी नसावी, किंवा असून तो तिला बोलावत नसावा.

त्याहून मोठी गंमत वेळेच्या हिशेबाची. नकाशा सगळे टप्पे जोडून खाली आकडा देतो, 5 तास 40 मिनिटं. हा आकडा फक्त चाकं फिरण्याचा आहे. एखाद्या ठिकाणी किती वेळ थांबणार, हे त्याला सांगायची सोयच नाही. त्याच्या मते माणूस दारात पत्रिका टाकून पेपरवाल्यासारखा पुढे जातो. प्रत्यक्षात पत्रिका हातात देणं हा विधी अर्ध्या मिनिटाचा आणि त्याच्या आधी-नंतरचं बसणं पाऊण तासाचं. पाणी येतं, मग चहा, मग ‘पोहे टाकले आहेत’ अशी बातमी. नको म्हटलं तर ‘आमच्याकडचं चालत नाही का?’ हा प्रश्न. व्याह्यांकडे तर चहावर सुटकाच नाही; तिथं शेवभाजीचा वास आपण पायरी चढायच्या आधी बाहेर आलेला असतो. दहा घरांचे दहा चहा जमेला धरले तर नकाशाचे 5 तास 40 मिनिटं म्हणजे प्रत्यक्षात दोन दिवस आणि ॲसिडिटीची गोळी. त्यातून हा दौरा निघतो लग्नसराईच्या तोंडावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या पुढे जातो. दुपारी बारा ते चार या वेळात तापीच्या खोऱ्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. नकाशा मात्र निर्विकारपणे सांगतो, ‘तुम्ही दुपारी 2.10 ला पोचाल.’ मे महिन्यात कोणाच्या दारात दुपारी 2.10 ला उभं राहणं हे आमंत्रण नसतं, आगळीक असते.

हे असं का होतं, त्याचं मूळ शोधायला गेलं तर तिथंही एक ठरलेलं लग्न सापडतं. दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट काढण्याची जी रीत आजच्या बहुतेक नकाशांच्या पोटात कोणत्या ना कोणत्या रूपात आहे, ती एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञानं 1956 मध्ये शोधली. वाग्दत्त वधूबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून तो थकला, दोघं एका कॅफेच्या बाहेर कॉफी प्यायला बसली, आणि तिथं वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, त्यानं ही युक्ती मनातल्या मनात रचली. 1959 मध्ये ती छापून आली. त्याच वीस मिनिटांत त्याच्या शेजारी भावी सासूबाई पत्रिकांची यादी घेऊन बसल्या असत्या, तर जगाला एक तर ही रीत मिळाली नसती, किंवा फार वेगळी मिळाली असती. रीत सुरेख आहे. प्रत्येक रस्त्याला एक किंमत लावायची आणि बेरीज सगळ्यात कमी येईल ती वाट निवडायची. वांधा रितीत नाही, किमतीत आहे. नकाशा ही किंमत प्रामुख्यानं मिनिटांत लावतो. चार मिनिटं वाचली की तो खुश. ती चार मिनिटं वाचवायला तो महामार्ग सोडून एखाद्या फाट्यावर आत वळवतो, पुढे डांबर संपतं, खडी संपते, आणि दोन्हीकडे कपाशी किंवा केळी, मध्ये गाडवाट, समोरून बैलगाडी. बैलगाडी मागे घ्यायची सोय नसते, हे बैलाला माहीत असतं. उन्हाळ्यात हे एवढ्यावर निभतं. पावसाळ्यात खान्देशची काळी माती चाकाला अशी धरते की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नसतं. त्याला माहीत असतं, नकाशानं पाठवलेलं हे आजचं दुसरं गिऱ्हाईक.

मिनिटांच्या या हिशेबाला ऋतूही माहीत नाही, आणि इथं विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. जळगाव आणि चोपडा तालुक्यांच्या मध्ये तापी आहे. तिच्यावर भोकर आणि खेडीभोकरी यांच्यामध्ये वर्षानुवर्षं एक तात्पुरता पूल असायचा. पाणी उतरलं की टाकायचा, पावसाळा आला की काढायचा. पक्क्या पुलाचं काम पुढे निघालं, पण तोवर दोन्ही काठांच्या पिढ्या पूल या गोष्टीकडे पाहुण्यासारख्या बघत वाढल्या. येतो, राहतो, जातो. पूल आहे त्या महिन्यांत पलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर, नाही त्या महिन्यांत लांबचा वळसा. आता नकाशात तिथं रेघ काढायची की नाही? काढली तरी खोटं, नाही काढली तरी खोटं. शहरात बसून नकाशा घडवणाऱ्याच्या कल्पनेत रस्ता ही कायमची वस्तू असते. इथं अनेक फरशी पूल पावसाळ्यात काही दिवस नदीच्या मालकीचे असतात. 2021च्या जानेवारीत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात नकाशा बघत निघालेली एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि गाडी चालवणारा बुडाला. त्या गावातल्या कोणत्याही शाळकरी पोरानं सांगितलं असतं की हा पूल पाण्याखाली आहे. पण रात्री पोरं झोपलेली असतात आणि नकाशा जागा असतो. 2023च्या सप्टेंबरात सारंगखेड्याच्या तापी पुलाला जोडणारा भराव पुरात गेला, तेव्हा शहादा आणि दोंडाईचा यांच्यातलं अंतर रातोरात वाढलं. अशा वेळी आधी धावतो तो फोन, पण नकाशाचा नव्हे, मामाचा: ‘निघू नका, पूल वाही जायेल शे.’

बेत आखताना आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे आपण कशातून जाणार. नकाशा मोटार विचारतो, दुचाकी विचारतो, रेल्वे-बस विचारतो, पायी विचारतो. ट्रक, टेम्पो, बॅन्डवाल्यांची गाडी, वऱ्हाडाची लक्झरी यांना त्याच्या जगात चाकं नाहीत. चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधला औट्रम घाट बघा. 2021च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून तो बंद पडला, पुढे सुरू झाला, आणि 2023च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं तिथून जड वाहनांना बंदी झाली. म्हणजे मोटारीला तो रस्ता आहे आणि ट्रकला नाही. रावेर-यावलची केळी दक्षिणेकडे न्यायला निघालेल्या ड्रायव्हरनं फोनवर विश्वास ठेवला तर घाटाच्या तोंडाशी त्याला नकाशा सरळ जा म्हणतो आणि पोलीस मागे फिर म्हणतो. केळ्यांना या वादात रस नसतो, ती पिकत राहतात. हा घाट ज्याच्या नावानं ओळखला जातो त्या जेम्स औट्रमनं 1825च्या सुमारास खान्देशात भिल्ल पलटण उभी केली होती. इथली वाट इथल्याच माणसांना विचारून काढायची, एवढं त्या इंग्रजाला दोनशे वर्षांपूर्वी उमगलं होतं.

रहदारीचं म्हणाल तर नकाशा ती बघतो, पण त्याला ती कळत नाही. 2020 मध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलावंतानं बर्लिनमध्ये एका हातगाडीत 99 फोन ठेवले आणि ती रिकाम्या रस्त्यांवरून हळूहळू ओढत नेली. गुगलच्या नकाशावर ते रस्ते लाल झाले. फोन सावकाश चाललेत म्हणजे कोंडी असणार, असं ते गणित. जर्मनीत याला कलाकृती म्हणाले. आपल्याकडे रोज संध्याकाळी अशी कलाकृती निघते, तिला वरात म्हणतात. दोनशे माणसं, दोनशे फोन, तासाला अर्धा किलोमीटर वेग, मध्येच पूर्ण थांबून नाच. नकाशा म्हणतो, 9 मिनिटांचा उशीर. वरात 9 मिनिटांत कधीच उरकलेली नाही, नवरदेवाच्या मित्रांचा दम त्याहून मोठा असतो. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, त्या दिवशी कोणत्या गल्लीत गाडी घालायची नाही हे शहरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. चैत्रात धुळ्याहून मालेगावकडे जाताना मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेनं सप्तशृंगगडाला निघालेले पदयात्री रात्रंदिवस चालत असतात. त्या दिवसांत शहाणा माणूस बेतच बदलतो. नकाशाला या सगळ्याची खबर लागते ती गाडी त्यात अडकल्यावर. तेव्हा ती बातमी आपल्याला त्याच्या आधी कळलेली असते, कारण आपण त्यात बसलेलो असतो.

नावांच्या घोळावर फार वेळ घालवत नाही, पण उल्लेख हवा. शिरूड अमळनेर तालुक्यात आहे आणि धुळे तालुक्यातही आहे. विखरण एरंडोलचं वेगळं, शिंदखेड्याचं वेगळं. जुन्या कारकुनांना हे माहीत होतं, म्हणून कागदोपत्री ‘बांभोरी प्र.चा.’ अशी प्रगण्यासकट नावं अजून टिकली आहेत. नकाशा प्रगणा विचारत नाही, तो अंदाज करतो, आणि आत्मविश्वासानं करतो. महामार्गांचे क्रमांक 2010 मध्ये बदलले. जुना 6 आता 53 आहे, जुना 3 धुळ्याच्या एका बाजूला 52 आणि दुसऱ्या बाजूला 60 झाला. बाई फोनमधून ‘एनएच त्रेपन्न’ म्हणते आणि मागच्या सीटवरचे आबा विचारतात, ‘म्हणजे सहा नंबरच ना?’ शिवाय तिच्या तोंडी धुळ्याचं धुले होतं. खेड्यात ते धुये असतं. धुळे हे फक्त छापील कागदावर राहिलं आहे. आणि पूर्ण दौरा एका नजरेत बघावा म्हणून नकाशा लहान करायला जावं, तर एरंडोल पुसलं जातं, धरणगाव जातं. मोठा करावा तर एरंडोलच्या आधी कुठल्या तरी ढाब्याचं नाव उगवतं. गाव लहान की ढाबा मोठा हे कोण ठरवतं, देव जाणे.

आता आक्षेप घेऊ, कारण ते खरे आहेत. पहिला आक्षेप असा की नकाशा नव्हता तेव्हा तरी काय दिवे लागत होते? माणसांना विचारत जाण्याचे गोडवे फार गायले जातात. ज्यांनी ते केलं आहे ते जरा कमी गातात. पारावर बसलेला माणूस ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य आयुष्यात बोलत नाही. तिघांना विचारलं तर तीन वाटा, आणि तिघंही आपलीच कशी जवळची यावर एकमेकांशी भांडतात, तोवर विचारणारा निघून गेलेला असतो. ‘हे काय, आलंच’ हे अंतर एका फर्लांगापासून 11 किलोमीटरपर्यंत काहीही असू शकतं. कबूल. पण त्या माणसाकडे एक गोष्ट आहे जी नकाशाकडे नाही. तो उलट विचारतो. ‘कोणाकडे जायचं आहे, जिभाऊ? गाडी हीच ना? मग नदीकडून नका जाऊ, वरून जा. आणि नाना आज घरी नाहीत, बाजाराला गेलेत.’ या शेवटच्या वाक्यानं 30 किलोमीटरची फेरी वाचते. मिनिटं वाचवण्याच्या बाबतीतसुद्धा, म्हणजे नकाशाच्या स्वतःच्या मैदानात, तो त्याला हरवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रात्री दोन वाजता दवाखाना शोधणाऱ्याला पार नसतो आणि पारावर माणूसही नसतो. एकटीनं गाडी चालवणाऱ्या बाईला प्रत्येक फाट्यावर काच खाली करून पुरुषांच्या घोळक्याला रस्ता विचारायचा नसतो, आणि का विचारावा? परक्या गावात बदलीवर आलेल्या शिक्षकाला, पार्सल घेऊन फिरणाऱ्या पोराला, रुग्णवाहिकेच्या चालकाला हा नकाशा म्हणजे उपकार आहे. इथं वाद नाही. पण ही सगळी उदाहरणं अशी आहेत की जिथं प्रश्न खरोखरच ‘लवकरात लवकर’ एवढाच आहे. म्हणजे नकाशा ज्या कामासाठी जन्मला त्या कामात तो चोख आहे, हे यातून सिद्ध होतं. पत्रिकांच्या यादीपुढे त्याला बसवलं तर तो नापास होणारच. दोष काही प्रमाणात बसवणाऱ्याचा.

मग जुना कागदी नकाशा बरा होता का? त्याच्याबद्दल हळवे होणाऱ्यांनी सर्व्हे ऑफ इंडियाची शीटं एकदा उघडून पाहावीत. ही संस्था 1767ची, काम नितांत सुंदर, टेकडीची प्रत्येक घडी दाखवलेली. पण धुळे 46 एल या शीटवर, पारोळा-एरंडोल 46 पी वर, आणि जळगाव? ते 21 अक्षांशाच्या इतकं कडेला आहे की शहर निसटून 46 ओ वर गेलं. दोन जिल्ह्यांच्या गावांमधला दीड-दोन तासांचा प्रवास, आणि त्याला मोटारीच्या बॉनेटवर तीन शीटं पसरायची, वारा धरून ठेवायचा. या दोन शहरांत थेट रेल्वेही नाही. धुळ्याचा फाटा 1900 मध्ये निघाला तो चाळीसगावहून. तेव्हा रस्ता हेच साधन, आणि कागदावर तो तीन तुकड्यांत. फोननं हे तुकडे जोडले, त्याबद्दल त्याचे आभार मानावेत.

‘थांबा, माहिती वाढेल तसा तो सुधारेल’ असं सांगणारे आशावादी लोक आहेत. त्यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. माहिती येते फोनवरून. सातपुड्याच्या पोटात, जिथं रेंजच नाही, तिथून येणार कोण आणि कशी? शिवाय यात एक गमतीशीर चक्र आहे. नकाशानं गाडवाटेवर गाडी पाठवली, ती रडतखडत पलीकडे निघाली, की त्या वाटेवरून मोटार गेल्याची नोंद होते. अशा पाच-दहा फसलेल्या गाड्या मिळून पुढच्यांसाठी ती वाट अधिक विश्वासार्ह करून ठेवतात. रस्त्यावर कोणी शिव्या दिल्या याची नोंद ठेवायची सोय अजून निघालेली नाही. एके काळी गुगलनंच ‘मॅप मेकर’ नावाची सोय काढली होती. 2008 मध्ये सुरू झाली, लोकांनी आपापल्या गावच्या वाटा, देवळं, शाळा हातानं भरल्या; 2017 मध्ये ती बंद झाली. म्हणजे पारावरच्या माणसाला एकदा आत घेतलं होतं. तो आत जाऊन काय म्हणाला असेल याची कल्पना करवते.

तुलनेला एसटीची पाटी बघा. जळगाव, धुळे आणि खाली ‘मार्गे अमळनेर’. कुठून, कुठे आणि कसं, तिन्ही गोष्टी चढायच्या आधी सांगून मोकळी. किती वाजता पोचेल याबद्दल ती अवाक्षर काढत नाही, आणि त्यामुळे तिच्यावर खोटं बोलल्याचा आळही येत नाही. नकाशात ‘मार्गे’ टाकायला अमळनेर हा मधला थांबा म्हणून घालावा लागतो. तो थांबा काढला, की आपण बघत असतानाच रेघ परत महामार्गावर उडी मारते. अशी माघारी पळणारी रेघ पाहिली की बैलाला दावणीला बांधणं सोपं वाटायला लागतं.

शेवटचा आक्षेप तरुणांचा. ते म्हणतात, पत्रिका आता व्हॉट्सॲपवर जाते, त्यासोबत मंगल कार्यालयाचं लोकेशन जातं, मग दौरा हवा कशाला? दौरा हवा, कारण व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रिकेला ‘आम्हाला आमंत्रणच नव्हतं’ असं म्हणण्याची पूर्ण मुभा आहे आणि ती मुभा खान्देशात वाया जाऊ दिली जात नाही. आणि लोकेशनचं म्हणाल तर ती खूण बरेचदा कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर पडते. पाहुणे शेजारच्या हरभऱ्याच्या शेतात गाडी उभी करून, मंगलाष्टकं ऐकत, दार शोधत असतात. छापखान्यांना याचा अनुभव आहे. हल्ली पत्रिकेच्या मागे क्यूआर कोड छापतात, चौकोनी, काळा, ऐटदार. आणि त्याच्या लगेच खाली, न सांगता, न विचारता, ‘पेट्रोल पंपासमोर, पाण्याच्या टाकीजवळ’ अशी एक ओळ आणि दोन पुतण्यांचे मोबाइल नंबर टाकतात. लग्नाच्या दिवशी ते दोन पुतणे पंगतीला सगळ्यात शेवटी बसतात, कारण सकाळपासून त्यांचे फोन कानाला लागलेले असतात.